एकट्याला तुपाळ मिळत नाही

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरचाच मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत उत्तम आहे. डॉक्टरला तसे वाटत नाही, पण त्याला विचारतो कोण? मी तुपाळ मासा सोडायला साफ नकार दिला, हे तुझ्या कानावर आलेच असेल (आमच्या घरी फोन त्यासाठीच घेतलाय). खरे आहे ते. मीठ सोडले, साखर सोडली, तुझ्या भावजयीशी वाद घालणेसुद्धा सोडले. धक्क्यावरच्या खानावळीतला तुपाळ मात्र मी सोडणार नाही, कोणाला काय करायचे ते करू दे.

तू तो तिथे बसून कधी खाल्ला नाहीस, म्हणून सांगतो. थंडीच्या तोंडावर हा मासा अंगावर बोटभर चरबी चढवून येतो. खानावळवाली (तिला सगळे सरकार म्हणतात, कारण तिच्यापुढे कोणाचे चालत नाही) तो कोरड्या तव्यावर टाकते. तेलाचा थेंब नाही, आपल्याच चरबीत चुरचुरत राहतो. पण सरकारचा कायदा असा, की मासा अख्खाच मिळणार आणि तोही दोघांत. "एकट्याने संपवला तर त्याला बाधतो, टाकला तर मला बाधतो," म्हणते.

भावोजी गेल्यापासून माझी पंचाईत झाली ती इथे. आधी न्हाव्याला नेले. त्याने कातडी काढून बाजूला ठेवली, तर सरकारने ताटच उचलून नेले. मग विमावाल्याला नेले. मासा निवेपर्यंत तो माझ्या मरणाबद्दलच बोलत होता. शेवटी परवा एकटाच गेलो, समोरच्या खुर्चीवर छत्री न् टोपी ठेवली आणि माणूस हात धुवायला गेलाय असे ठोकून दिले. सरकारने बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "हात धुतोय की अंघोळ करतोय?" खुर्ची भावोजींची होती. सरकारने त्या खुर्चीकडे पाहिले आणि विचारले, "त्यांच्या बाई आहेत ना अजून? मग ही रिकामी का?" मी छत्री न् टोपी उचलली. उपाशीच घरी आलो.

ताई, तू उंबरठा ओलांडत नाहीस, त्याचा मला राग येतो. ते गेले, तू नाही गेलीस. लोक बोलतील म्हणतेस, तर बोलू देत. त्यांची तोंडे रिकामी आहेत, आपली भरलेली असतील. आणि मलाही भावोजींशिवाय तिथे करमत नाही, हे काय वेगळे सांगायला हवे?

तुझा,
हट्टी धाकटा

ता. क. शनिवारी दुपारी गाडी घेऊन येतो. नाही म्हणू नकोस, सरकारला मासा सांगून ठेवलाय.

आणखी एक. पोटाकडची बाजू मी घेणार. तुला शेपटीकडचाच तुकडा आवडतो, असे भावोजी तो घरी बांधून नेताना दर वेळी सांगायचे. हे खोटे असेल, तर त्यांच्या खुर्चीत बसून भांड.