उत्कर्षा सापडली

२ एप्रिल, चरोदा

पोहोचली एकदाची! पुलगावहून निघताना चिंधूमामानं स्टेशनवर असं पाणी काढलं डोळ्यांतून, जसं काही मले सासरीच धाडून राहिला. मी म्हटलं, मामा, नोकरीले चालली मी भिलाईले, लढाईवर नाही चालली. आईबाप गेल्यापासून त्यानंच वाढवलं, म्हणून त्याचं रडणंबी चालवून घेते.

नोकरी भिलाईतल्या सुपेल्याच्या एका लॅबमध्ये, लोकांचं रक्त काढायची. मामी म्हणे, तुले हे काम बरोबर जमन. राहायले इथं चरोद्यात, चंपतकाकाच्या घराची समोरची खोली. काका रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झालेले, बोलणं कमी अन् खोकणं जास्त. बायको शीलाकाकू. तिनं माझ्या हातातून बॅग घेतली अन् पहिली गोष्ट काय विचारली, तं भाजी तिखट चालते का. मी म्हटलं, चालते काय, धावते. घराच्या मागं यार्डाची भिंत हाय, पल्याड दिवसभर मालगाडीचे डबे एकमेकाले धडकत राहतात. काकू म्हणे होऊन जाते सवय.

एकुलती एक पोरगी उत्कर्षा, माझ्याहून थोडी लहान, रेल्वे भरतीची तयारी करून राहिली. आल्या आल्या तिनं माझ्या लिपस्टिकवर हक्क सांगितला अन् मले प्रेरणादीदी करून टाकलं. मस्त पटन आमचं.

५ एप्रिल

इथं एक भारी पद्धत हाय. चौदा तारखेच्या जयंतीले महिला मंडळ कापडाचं एकच थान आणते, अन् वस्तीतल्या साऱ्या पोरी त्या एका थानातले ड्रेस घालून रॅलीत चालतात. आज विहारात वंदना झाल्यावर मापं घेतली. मंडळाची अध्यक्ष पंचफुलाबाई, बाईचा आवाज असा की तिले माईक द्यायची गरजच नाही. म्हणे भाडेकरू असली म्हणून काय झालं, हिचंबी माप घ्या, आपलीच पोरगी हाय. मले बरं वाटलं. खोटं कावून लिहू, डोळेच भरले.

निळं कापड, पांढरी किनार. टेलरले फुरसत नाही, त्यानं आधी दोघींचेच शिवून द्यायचं कबूल केलं, उत्कर्षाचा अन् माझा, कारण दोघींचं माप एकच निघालं.

९ एप्रिल

उत्कर्षा अजून आली नाही. सकाळी ड्रेस आला तं तिले दम कुठला, क्लासातल्या मैत्रिणींले दाखवतो म्हणून तोच घालून दुर्गच्या लोकलमध्ये बसली. क्लासवाले म्हणतात, आलीच नाही. फोन बंद. काका स्टेशनवर जाऊन आले, मग परत गेले. काकूनं तिच्या वाट्याच्या भाकरी फडक्यात बांधून ठेवल्या हायेत अन् त्या कोणाले हात लावू देऊन नाही राहिली.

११ एप्रिल

संध्याकाळी विहारात सारी वस्ती जमली. पंचफुलाबाईनं कामं वाटून दिली. काही लोक दुर्ग स्टेशन, काही दवाखाने, अन् यार्डातले लोक शिवनाथ नदीच्या काठानं. काठ हा शब्द निघाला तशी शीलाकाकू उठून बाहेर गेली. मागच्या रांगेतला एक बुढा म्हणे, पाहा बापा, कोणासंगं गेली असन पोरगी, आजकालच्या पोरी. मी उभीच राहिली. म्हटलं, तुमच्या घरची असती तं असंच म्हटलं असतं का? नवीन माणसानं एवढं बोलू नये, पण तोंड आपलं असंच हाय. पंचफुलाबाईनं मले खाली बसवलं अन् त्याले पार झोडपून काढलं.

पोलीस ठाण्यातून सांगितलं की फोटो अंगावरच्या कपड्यात असला तं लोक लवकर ओळखतात. त्या ड्रेसमध्ये उत्कर्षाचा फोटोच नाही, बाकी पोरींचे ड्रेस टेलरकडे अधुरे. शिवलेला एकच उरला, माझा. तं ठरलं की मी ड्रेस घालून उभं राहायचं, अन् सुपेल्याचा फोटोवाला भैयालाल माझं मुंडकं काढून तिथं उत्कर्षाचं लावून देईन. मंडळाचे बॅनर तोच करते, त्याले सवय हाय. मी केस बांधून भिंतीले टेकून उभी राहिली. काकू जवळ आली, माझी ओढणी नीट केली. म्हणे ती डाव्या खांद्यावर घेते.

१२ एप्रिल

घ्या! भैयालालनं जयंतीच्या बॅनरच्या गडबडीत मुंडकं बदललंच नाही. खाली नाव उत्कर्षा, उंची तिची, पत्ता तिचा, अन् वर थोबाड माझं. दुर्ग-भिलाईच्या साऱ्या ग्रुपवर फिरून राहिलं. त्याले फोनवर असं झापलं की बस. त्यानं दुसरा फोटो पाठवला, पण पहिला आधीच घरोघरी पोचला. लॅबमधला सर म्हणे, तुम्ही तं फेमस झाल्या. थापडच मारावी वाटली.

१४ एप्रिल

जयंती झाली. डीजे नाही, नाच नाही, नुसती मेणबत्त्या घेऊन रॅली. शिवून आले तसे पोरींनी तेच निळे ड्रेस घातले. शीलाकाकू दारात बसून एकेकीचं तोंड पाहत होती. शेवटची पोरगी गेल्यावरबी पाहत होती. मले तिथं उभं राहवलं नाही.

त्याआधी दुपारी त्या फोटोवरून मले सुपेल्यात दोन बायांनी पकडलं, ऑटोत कोंबलं अन् घरी आणून सोडलं, म्हणे तुमची पोरगी सापडली. काकू धावत बाहेर आली अन् मले पाहून जागच्या जागी बसली. म्हणे नाही वो बाई, ही आमची भाडेकरू हाय. त्या बाया ओशाळून गेल्या. काकूनं त्यांले तेवढ्यातबी चहा पाजला.

१७ एप्रिल

आज परत तेच. चरोदा स्टेशनवर काही लोकांनी धरलं. मी ओरडली, भांडली, तं ते म्हणतात घरून पळालेल्या पोरी अशाच भांडतात. काकू या वेळी धावली नाही. चालत आली. नाही म्हणायले तिले उशीर लागला.

विहारातले लोक कमी होऊन राहिले. कोणाची ड्यूटी, कोणाच्या घरी लग्न. आज चर्चा झालीच नाही, नुसते सतरंजीवर बसले अन् एकमेकाचे पाय पाहत राहिले. राग कोणावर काढू? साऱ्यांनी जीव तोडून शोधलं. थकले. माणूस थकतेच.

२० एप्रिल

कसं लिहू. दुर्गच्या काही पोरांनी मले भिलाईच्या पॉवर हाऊस बाजारातून आणलं. मागं गर्दी, मोबाईल वर. पंचफुलाबाई, काका, सारे अंगणात. पोरांनी विचारलं, माय, हीच का तुमची पोरगी? काकूनं माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांपासून तिच्या पोटात अन्न नाही. तिनं माझी ओढणी डाव्या खांद्यावर केली अन् म्हणे, हो. हीच.

कोणी हसलं नाही. कोणी म्हटलं नाही की ही तं प्रेरणा. पंचफुलाबाई ढसाढसा रडली, म्हणे सापडली एकदाची. साऱ्यांच्या तोंडावर असं काही आलं, जसं डोक्यावरचं ओझं कोणी उतरवून घेतलं. मी बोलणार होती. खरंच बोलणार होती. पण काकूनं ताट वाढलं अन् माझ्यासंगं पहिला घास खाल्ला. म्हटलं, आज जेवू दे बिचारीले, उद्या सांगू.

२१ एप्रिल

सांगितलं. काकू म्हणे, तुले ऊन लागलं, पड जराशी. पंचफुलाबाईले सांगितलं, तिनं माझं डोकं छातीशी धरलं. म्हणे जे झालं ते विसर, बेटा. ठाण्यात गेली, तिथं म्हणतात तुमचा मामला बंद झाला, घरी जा, आईले त्रास देऊ नका.

अन् मले कळलं. आता उत्कर्षाले कोणीच शोधून नाही राहिलं. ती कुठं असन, कशी असन, उपाशी असन. मी इथं तिच्या ताटात जेवून राहिली.

२२ एप्रिल

लॅबमध्ये सरनं विचारलं, बोला, कोणाची टेस्ट करायची. मी म्हटलं सर, मी प्रेरणा. तो म्हणे प्रेरणा आज आली नाही.

मामाले फोन लावला. मामा हसून राहिला होता. म्हणे आमच्या प्रेरणाचा कालच फोन आला होता, बरी हाय ती, तुम्ही कोण बोलता? मी म्हटलं, मामा, मीच. त्यानं आवाज बदलला. बरं नाही का बाई तुले, म्हणे, घरच्यांले दे फोन. तो चांगला माणूस हाय. अनोळखी पोरीशीबी चांगलाच बोलला.

काल फोन कोणी केला?

२४ एप्रिल

भरदुपारी मागं कपडे वाळत टाकून राहिली होती. भिंतीच्या पल्याडून हाक आली. प्रेरणादीदी.

किती दिवसांनी कोणी माझं नाव घेतलं. मी भिंतीले चिकटली. म्हटलं उत्कर्षा, कुठं हायेस तू? डबे धडकले. मग परत, बारीक आवाजात — दीदी, मी आई म्हणायले जातो अन् दुसरंच निघते तोंडातून.

काकाले ओढत नेलं. काकांनी ऐकलं. मले माहीत हाय त्यांनी ऐकलं, त्यांचा खोकला थांबला. मग म्हणे कुत्रं असन.

२६ एप्रिल

यार्डातल्या लोकांले रिकाम्या डब्यात एक पोरगी सापडली. निळा ड्रेस, पांढरी किनार, मातीनं भरलेला. त्यांनी सरळ आमच्या दारात आणली.

उत्कर्षा. उत्कर्षाच. ओठ फाटलेले, गाल बसलेले, पण तीच. मी ओरडली, काकू, पाहा! तुमची पोरगी!

काकूनं तिले पाणी दिलं. तिची हनुवटी धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणे, नाही वो, आमची तं घरात हाय. ही कोणाची असन बिचारी.

नाव विचारलं. उत्कर्षाचं तोंड हललं, गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांतून पाणी आलं — अन् म्हणे, प्रेरणा. गाव पुलगाव. मामाचं नाव चिंधू.

सारं बरोबर सांगितलं. सारं माझं.

तिले पंचफुलाबाईकडे ठेवलं. काकू चुलीपुढे बसून रडून राहिली होती. मी विचारलं कावून रडता. तिले ठाऊकच नव्हतं. म्हणे, डोळेच गळून राहिले.

२७ एप्रिल

मी तिले भेटायले गेली. दोघी हात धरून बसलो. तिले सारं माहीत हाय, मले सारं माहीत हाय. ती बोलायले गेली की माझं निघते. मी लिहिते तेवढं अजून माझं हाय. म्हणून लिहून —

मी तिले म्हटलं, मी तुले तुझ्या आईकडे पोचवतो. काहीबी होऊ दे. तिनं माझा हात सोडलाच नाही.

२८ एप्रिल

मामा आला. आमच्या ओसरीवर बसला. चहा मी केला. कप घेताना मले जय भीम म्हणे, अन् बेटा, तू सापडली ऐकून बरं वाटलं. मी त्याच्या पायाशी बसली. लहानपणी ताप आला तं तो मले कसा खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचा, सारं सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी. पण ते पाणी अनोळखी पोरीसाठी होतं. काकूले म्हणे, सांभाळा, पोरीच्या मनावर लय घाव हाय.

मी तोंड उघडलं. म्हटलं शीलाकाकू — नाही. तसं नाही निघालं. जे निघालं ते ऐकून काकूनं मले कवटाळलं.

२८, दुपार

आतल्या खोलीत हाय. बाहेरून कडी लावली, म्हणे पड. मामा तिले घेऊन निघाला. खिडकीतून दिसते. तिची बॅग, म्हणजे माझी बॅग, त्याच्या खांद्यावर. ती मागं वळून वळून घराकडे पाहते. वस्तीच्या बाया तिले समजावतात, रडू नको, घरी चालली तू —

गाडीले वेळ हाय. अजून वेळ हाय. एकदा काकूनं नाव घेतलं, उत्कर्षा म्हणून हाक मारली तं ती थांबन. एवढंच पाहिजे. काकूच्या तोंडून, बाकी कोणाच्या नाही —

कडी वाजली. आली. भाकर घेऊन आली. सांगते. या वेळी नीट सांगते, हात धरून —

आई, तुझी पोरगी मी नाही, त्या रस्त्यावर जाऊन राहिली ती, आई, तिले आवाज दे, आई —