रंगूनच्या बाईंना आखाजीचं मूळ

खांडबारा, २० डिसेंबर १९४२
छापून आली! धुळ्याचा अंक आजच्या गाडीने आला. तिसऱ्या पानावर माझी बातमी — 'रंगूनच्या निराश्रित विधवेस उदार आश्रय'. इथले भाऊसाहेब कंत्राटदार, जंगलातला साग तोडून सुरतेला धाडणारे, त्यांनी जपान्यांच्या बाँबखालून डोंगर तुडवत आलेल्या आपल्या मयत चुलतभावाच्या बायकोला घरात घेतलं, त्याचं वर्णन. 'कल्पवृक्ष' हा शब्द मी दोनदा घातला होता. संपादकांनी एक कापला. उरलेलाही जास्तच वाटतो.

२७ डिसेंबर
कल्पवृक्षाकडे चहाला गेलो. बातमी काचेच्या चौकटीत घालून ओसरीवर टांगली आहे. चहा घेऊन आल्या त्याच बातमीतल्या बाई — शांतीबाई. चाळिशीच्या आसपास. हात कोपरापर्यंत पिठाचे. चौकटीकडे पाहून हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत?"
मी लाजून मान हलवली.
"लिहिण्याआधी मला भेटायचं होतंत."
आत गेल्या. चहा चांगला होता. संपवता आला नाही.

३ जानेवारी १९४३
माझी शेजारीण भिकुबाई पाटलीण कुंपणापलीकडून ओरडली — साठी उलटली, आवाज अजून विशीतला —
"ओ भट! तुन्हा भाऊसाहेबनी स्वयंपाकीन काढी टाकी, पानीवाली काढी टाकी. आते ती रंगूनवाली एकटीच दयस, रांधस, पानी भरस. पगार इचारा तं म्हने, घरनीच बाई शे ना! लिख ना हाई तुन्हा पेपरमा!"
न्याय, व्याकरण, अलंकार — बारा वर्षं पाठशाळेत घोकलं. ओसरीवर बसून मागचं दार दिसत नाही, हे कुणी शिकवलं नाही.

१० जानेवारी
बाजारात शांतीबाई अंबाडीच्या ढिगापाशी थबकल्या. एक पान चुरगळून नाकाशी धरलं. डोळे मिटले.
"ही आमच्या रंगूनला! आंबट कालवणात घालतात. चिंबाँव म्हणतात हिला."
आणि मग भर बाजारात, मिरच्यांच्या खकाण्यात, त्यांनी मला नदी दाखवली. पलीकडचा काठ दिसत नाही एवढी. गालांना चंदनासारखा लेप लावून होड्यांतून भाजी विकणाऱ्या बायका. वडिलांचं कापडाचं दुकान, त्यात रेशमाच्या लुंग्या, आणि वरच्या माडीवर ह्यांचा जन्म. मी जागचा हललो नाही. तरी दूर कुठे जाऊन आल्यासारखं वाटलं.
परत निघताना म्हटलं, "पिशवी द्या, मी धरतो."
विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला. मग स्वतःच म्हणाल्या, "डोंगरात एकजण असंच म्हणाला होता — बहेन, गाठोडं द्या, दमलात. फार आपुलकीनं बोलला. दिलं. वळून बघते तो माणूसच नाही."
शेजारून रिकाम्या हातांनी चालत आलो. ते कुठे ठेवावेत कळेना.

२ फेब्रुवारी
विहिरीवर त्या काहीतरी बर्मी गुणगुणत होत्या. व्याकरण कळलं नाही. बाकी सगळं कळलं.

११ फेब्रुवारी
भिकुबाईकडे त्या ताक न्यायला येतात. हल्ली मलाही ताक सोसू लागलं आहे. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, असं तर्कशास्त्र सांगतं. भिकुबाई अनुमानबिनुमान करत नाही. सरळ हसते.

१४ मार्च
आज विचारलं! भिकुबाईच्या अंगणात, शेवग्याखाली. मी विधुर, घरी कुणी नाही, पुनर्विवाहाला शास्त्राची संमती कुठे कुठे आहे — सगळं सप्रमाण मांडलं. शेवटी, मोठ्या उदारपणे — "माझ्या घरी तुम्हाला काही करावं लागणार नाही."
त्यांनी भांडं खाली ठेवलं. "दीरही हेच म्हणाले होते. अक्षरन् अक्षर."
गेल्या. ताक तिथेच राहिलं.
भिकुबाई म्हणाली, "येडा भट! बाईले मागनी घाली ऱ्हायना व्हता का कीर्तन सांगी ऱ्हायना व्हता?"

१५ मार्च
ताक बंद.

२ एप्रिल
नवी बातमी लिहिली — 'आश्रय की वेठबिगार?' एकही कल्पवृक्ष नाही. इतकं बरं मी आयुष्यात लिहिलेलं नाही. पण टपालपेटीत टाकण्याआधी भिकुबाईच्या अंगणात शांतीबाईंना वाचायला दिली. उभ्यानेच वाचली.
"खरं आहे सगळं."
"मग पाठवू?"
"नको. आधी आश्रित म्हणून गावाने बघितलं, आता बिगारी म्हणून बघेल. आणि छापून आल्यावर त्या घरात राहायचं मलाच."
मन चरफडलं, खोटं का लिहू! तरी कागद भिकुबाईच्या बाहेरच्या चुलीत घातला. तो धड पेटेना. मी फुंकतोय, नाकातोंडात धूर.
"फुंकरसुद्धा घालता येत नाही तुम्हाला," म्हणाल्या, खाली बसल्या, एका फुंकरीत पेटवला. आणि हसल्या!
जळालेला एवढा सुंदर लेख मी पाहिला नाही.

३ मे
शांतीबाईंनी भाऊसाहेबांना सांगितलं, मला इथून जायचं आहे. उत्तर मिळालं, "जाणार कुठे? तुला माहेर तरी आहे का?"
अंगणात हे सांगताना आवाज स्थिर होता. डोळे नव्हते.
भिकुबाईने सूप आपटलं. "कोन म्हने नही? आखाजी उनी ना!"

६ मे
उद्या आखाजी. अक्षय्य तृतीया म्हणावं तर इथे कुणी ओळख देत नाही. या सणाला खानदेशातली प्रत्येक सासुरवाशीण माहेरी जाते. भाऊ गाडी घेऊन न्यायला येतो, त्याला मूळ म्हणतात. दारात आलेलं मूळ परत पाठवलं तर त्या घरावर गाव थुंकतं.
आज भाऊसाहेबांच्या दारात छकडा उभा राहिला. बैलांच्या शिंगांना रंग. भिकुबाईचा मुलगा भटू, मिशीवाला गडी, धुतलेलं पागोटं बांधून खाली उतरला.
"शांतीताईले लेवाले उनू. मायनी मूय धाडेल शे."
भाऊसाहेब ओसरीवरून उठले. "कोणाची ताई? आम्ही ब्राह्मण, तुम्ही—"
छकड्यातून भिकुबाई बोलली. "आंडेर शे मन्ही, लेक शे. आखाजीनं मूय पाछं धाडतस का, भाऊसाहेब? हा का नही, तेवढं सांगा. बठ्ठा गाव आयकी ऱ्हायना!"
खरंच ऐकत होता. पाणी नेणाऱ्या बायका हंडे घेऊन थांबल्या होत्या. भाऊसाहेबांची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली. मोठ्याने म्हणाले, "आम्ही कुणाला अडवत नाही."
शांतीबाई बाहेर आल्या. भिकुबाई सोडून कुणाकडेही पाहिलं नाही.

७ मे
चिंचेला झोके. पोरीबाळी गौराईची गाणी म्हणताहेत. आंब्याच्या रसाचा वास साऱ्या गल्लीभर. शांतीबाई आधी नको नको म्हणाल्या, मग उभ्याने झोका घेतला. वर जात तेव्हा पदर उन्हात जाई, खाली येत तेव्हा सावलीत. कितीतरी वेळ.
वार्तापत्र लिहायला गेलो होतो. नाही लिहिलं.

१९ मे
आखाजी सरली म्हणून भाऊसाहेब गाडी घेऊन आले. कुंपणापाशी बाईच गेल्या.
"मी येणार नाही."
"लोक काय म्हणतील?"
"विचारतील त्यांना मी सांगेन."
गाडी रिकामीच गेली. भटू म्हणतो, बैलं खूश दिसत होती.

२६ मे
पुन्हा विचारलं. शास्त्राशिवाय. एकच वाक्य. म्हणाल्या, "विचार करते." मी ताक प्यायलो.

३० मे
उत्तर आलं. "लढाई संपली की मी रंगूनला परत जाणार. दुकान जळलं असेल, जागा तर आहे. तिथे तुम्हाला भाषा येणार नाही, ओळखीचं कुणी असणार नाही. सगळा भरवसा माझ्यावर टाकावा लागेल. येत असाल तर माझं हो आहे."
मी हो म्हणालो.
घरी येऊन नकाशा उलगडला. बाप रे, केवढं लांब आहे!