गोठ्याचं उलटं दार

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घे. जनावरांच्या डॉक्टरकडून स्वतःसाठी मलम आणू नकोस, आधीच सांगते.

इकडे थंडी सरली आणि मी घर नव्याने सजवायला काढलंय. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या दाढा बघायच्या आणि घरी यावं तर तीच पांढरी फरशी, तेच स्टीलचे नळ. आपण दवाखान्यातच राहतो की काय असं वाटायला लागलं होतं. आता सगळं फार्महाउससारखं करायचं ठरवलंय. भिंतींना लाकडी फळ्या, चौकड्यांचे पडदे, जुन्या खरखरीत वस्तू. मासिकातलं चित्र सोबत जोडलंय. दुकानात मिळणाऱ्या वस्तू नव्या लाकडाला ओरखडे काढून जुन्या केलेल्या असतात. आपल्याकडे तर खऱ्या पडल्यात! गोठ्याचं दार, दुधाचा मोठा कॅन, वासरांची लाकडी गव्हाण आणि ती पत्र्याची बादली पाठवशील का? धुऊ नकोस हं, आहेत तशाच हव्यात.

कळावे. लोभ दारासकट पाठवावा.
तुझी बारकी

९ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

आधी वाटलं थट्टा करतेयस. मग ते चित्र पाहिलं. शी! ज्या घाणीत मी चाळीस वर्षं कोपरापर्यंत हात घातले, ती लोक हौसेने बैठकीत मांडतात? आणि वर धुऊ नकोस म्हणे! मी सगळं तीनदा सोड्याने घासलं, तेव्हा कुठे टेम्पोवाल्याने हात लावला. तरी नाक दाबूनच चढवलं त्याने.

आता माझं. शेवटच्या तीन गाई गेल्या मंगळवारी विकल्या. गुडघा वाकतच नाही, खाली बसले की उठवायला माणूस लागतं, अशाने धारा काय काढणार? जागा विकली. घेणाऱ्याला एप्रिलअखेर सगळं रिकामं हवंय, राहतं घरसुद्धा.

बाबा गेले तेव्हा तू म्हणाली होतीस, गाई सुटल्या की ताई माझ्याकडे. तेरा वर्षं झाली त्याला. बोलण्याच्या ओघात बोलली असशील, मी काही धरून बसलेली नाही. पण दिवस थोडे राहिलेत. काय ते स्पष्ट लिही.

लोभ वाढला नाही तरी चालेल, आहे तेवढा टिकव.
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सामान पोचलं! काय देखणं दिसतंय म्हणून सांगू! सुताराने दार वरच्या रुळावर टांगलं, मागच्या खोलीला. ढकललं की सरकतं. गव्हाणीत सुकी फुलं ठेवलीत, बादलीत लिंबं. परवा माझ्या दवाखान्यातल्या दोघी आल्या होत्या, त्या तर दारावरून हात फिरवत बसल्या. भिंतीवर ‘ताजं दूध’ अशी पाटीही लावलीय. तुझे मेहुणे म्हणतात, आता शेपटी तेवढी राहिलीय. फोटो पाठवतेय.

घाईत आहे, पडदेवाला आलाय. तब्येतीला जप. लोभ आहेच.
बारकी

२६ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

फोटो पाहिला आणि शिसारी आली. अगं, त्या बादलीत लिंबं ठेवलीस? गाय व्याल्यावर पडलेली वार मी त्याच बादलीतून नेऊन पुरायची! आणि तुझी ती गव्हाण. हगवण लागलेलं वासरू त्या गव्हाणीला टेकून आठवडाभर उभं होतं, ती फुलं घालून जेवणाच्या टेबलावर मांडलीस! दिवसातून पन्नास वेळा साबणाने हात धुणारी दातांची डॉक्टर ना तू? मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. आणि ‘ताजं दूध’ देतंय कोण तुझ्या घरात? तुझा नवरा?

दाराचं तर काय बोलावं! उलटं लावलंय ते, बारके. वरचं खाली, खालचं वर. मुताने कुजलेल्या फळ्या छताला नेऊन भिडवल्यात. गाईंच्या अंगाने घासून गुळगुळीत झालेला पट्टा मांडीशी होता, तो पार खांद्यापर्यंत वर गेलाय. आपल्या गाई काय उडत आत यायच्या? सुताराला मी दोष देत नाही, तो परका. तू एकोणीस वर्षं त्या दारातून आत-बाहेर केलीस आणि तुला कळलं नाही! नाक धरून पळायचीस, दाराकडे बघायला सवड कुठे होती तुला.

तुझ्याकडे मागे आले होते ते आठवतं? माझ्या अंगाच्या वासाने पाहुणीने नाक मुरडलं आणि तू लगबगीने उठून खिडकी उघडलीस. दुसऱ्या दिवशी निघाले ती परत आले नाही. आता गोठ्यातलं सगळं चाललं तुला. घाण चालली, कुजकं लाकूड चाललं. त्या गोठ्यातली बहीण तेवढी चालेना. स्पष्ट विचारलं, तर पडद्यांच्या गोष्टी सांगतेस.

जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक खोली आहे. ते कधीपासून या म्हणतायत. तिथेच जाते. तिथे निदान कोणी नाक मुरडणार नाही.

लोभाचं तुझं तू बघ.
ताई

३१ मार्च

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

डॉक्टरांना नाही म्हणून कळव, आजच्या आज. ती मागची खोली तुझी आहे, ताई. दार तुझ्या खोलीला लावलंय. पहिल्यापासून तुझ्यासाठीच चाललं होतं सगळं; गुडघ्याचं कळलं तेव्हाच ओळखलं, आता गाई सुटणार. तुला एकदम दाखवायचं म्हणून गप्प बसले. लिहायला घेतलं की सांगून टाकीन अशी धास्ती, म्हणून पडद्यांचं काहीबाही लिहिलं. तुझे मेहुणे सांगत होते की हा मूर्खपणा आहे, आधी तिला लिही. नाही ऐकलं मी.

खिडकी मीच उघडली होती. मला तुझी लाज वाटली होती, खरं तेच लिहिते. तू गाई सांभाळल्यास म्हणून मी शिकले आणि त्या बाईने नाक मुरडल्यावर मी तिची बाजू घेतली. त्या लाजेची लाज गेली सहा वर्षं वाटतेय. म्हणून वाटलं, आपला गोठा घरात असा मांडावा की येणाऱ्या प्रत्येकाला सांगता यावं, हे माझ्या ताईचं आहे. लिंबं फेकली. बादली जिन्याखाली आहे. दार सुलटं करायला सुताराला सांगते.

ये ना गं. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
तुझीच बारकी

६ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडले, मग खूप चिडले. खिडकीचं लिहिलंस ते बरं केलंस. तो विषय आता बंद.

पण बारके, मला काय आवडतं हे एकदा तरी विचारायचंस! चाळीस वर्षं सकाळी डोळे उघडले की समोर तो कॅन. मी गोठ्यातून सुटून तुझ्याकडे यायचं म्हणते, तर तू गोठाच नेऊन ठेवलास खोलीत! माझ्या उशाशी! मला तुझं ते दवाखान्यासारखं घरच आवडायचं. पांढरी फरशी, एकदा पुसली की लखलखीत. स्टीलचा नळ, सोडला की गरम पाणी. तिथे दोन दिवस राहिले तेव्हा मी नुसतीच नळ सोडून पाण्याखाली हात धरून उभी राहायची, तू पाहिलं नसशील. ते नळ अजून टाकले नसतील तर एक माझ्या खोलीत बसव. भिंतीच्या फळ्या काढ. कॅन, गव्हाण, पाटी सगळं भंगारवाल्याला दे, बादली तर आधी. आणि खिडकी उघडी ठेव. तो वास मलाही नकोय.

अठ्ठावीसला येते. एक पेटी आणि मी, एवढंच सामान आहे.

दार मात्र सुलटं करू नकोस. गेले चार दिवस फोटो समोर ठेवून बघतेय. सुलटं असलं तर पहाटे चारला ते दिसलं की मी धारा काढायला उठून बसेन. उलटं आपलं वाटत नाही. उलटंच राहू दे.

लोभाचं समोरासमोर बघू.
तुझी ताई