ऑर्विलशी जोडी

१० फेब्रुवारी १९७५, सोमवार

गुरुवारी घटनादुरुस्ती पुन्हा मतदानाला. तिसरं वर्ष! वॉशिंग्टनवाले मंजूर करून मोकळे झाले. आता अडतीस राज्यांनी हो म्हणायचं, आणि आमच्या राज्याचं अजून तळ्यात-मळ्यात. बायकांना पुरुषांइतकेच हक्क — वाक्य एवढंसं. तीच तीच भाषणं ऐकून कान किटले. पण गरोदर राहिली म्हणून माझ्या लेकीची, जॉइसची शाळेतली नोकरी गेली. तेवढ्यासाठी जाते. नाहीतर राज्याच्या सिनेटची ती खुर्ची कधीच सोडली असती.

११ फेब्रुवारी

ऑर्विल टेशला भेटायला दवाखान्यात. सहा वर्षं शेजारच्या बाकावरचा मित्र — आणि या दुरुस्तीचा पक्का विरोधक. हृदय थकलंय. म्हणाला, "व्हर्ना, माझ्याशी जोडी कर." म्हणजे तो गैरहजर, मी हजर असून गप्प, त्याचं 'नाही' आणि माझं 'हो' एकमेकांत फिटलं. कागद नाही, सही नाही. हात मिळवला की सिनेटमध्ये कुणी शब्द मोडत नाही.

मी आढेवेढे घेतले.

"तू रॉयच्या उशाशी बसली होतीस, तेव्हा मीच जोडी केली होती ना तुझ्याशी? विचारलं होतं का काही?"

नव्हतं विचारलं. शेवटच्या घटकेला मी नवऱ्याजवळ होते, ती ऑर्विलमुळे. हात दिला. आम्ही दोघं वगळून आमच्या बाजूनं चोवीस, तिकडे वीस. बिघडणार काय?

१२ फेब्रुवारी

आमच्या चोवीसातले दोघं फुटले! दोघंही तिकडे गेले. पाय सुजलेत. जेवले नाही.

१३ फेब्रुवारी

बावीस-बावीस. बरोबरी म्हणजे दुरुस्ती पडली.

माझं नाव पुकारलं. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. आमची पुढारी विल्मा मागून पुटपुटली, "शब्द मोडलास तर फासावर नाही देत कुणी." खरं आहे. तरी म्हणाले, "टेश यांच्याशी माझी जोडी आहे." विल्मा पाठ फिरवून निघून गेली. आता दोन वर्षं पुन्हा विषय नाही.

संध्याकाळी ऑर्विलच्या बायकोचा, इर्माचा फोन — ऑर्विल गेला. खूप रडले. निदान त्याला दिलेला शब्द तरी पाळला, एवढंच समाधान.

१४ फेब्रुवारी

जॉइसचा फोन वाजत राहिला. उचलला नाही. काय सांगू तिला?

१६ फेब्रुवारी, रविवार

ऑर्विलला पुरून आलो. चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. इर्मा माझ्या कपात कॉफी ओतत म्हणाली, "ते गुरुवारी पहाटेच गेले गं. मतदान उरकेपर्यंत व्हर्नाला कळू देऊ नकोस, असं मला बजावून ठेवलं होतं त्यांनी."

माणूस गेला की जोडी सुटते. माझं मत मोकळं होतं.