केळीच्या अंधाऱ्या खोलीची व्यवस्था

मी, नीलेश जगन्नाथ चुरी, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय वृत्तपत्रांसाठी प्रवासलेख लिहिणे व छायाचित्रे काढणे, राहणार निर्मळ, ता. वसई, जि. पालघर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवीत आहे. आजच्या काळात फिल्मवर फोटो काढणारा माणूस शुद्धीवर असतो का, अशी शंका माझा धाकटा भाऊ सुजय घेतो. सबब डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी हेमांगी रोज जेवताना आठवण करून देत असे, त्यास दबाव समजू नये.

१. घरातील माझा हिस्सा, बँकेतील ठेवी व विहिरीकडची वाडी हेमांगीला. फ्रिजमधला भाजीचा कप्पाही तिलाच. तिथे माझ्या कोऱ्या फिल्म असल्यामुळे मेथीला इतकी वर्षे बाहेर कोमेजावे लागले, याचा मला खेद आहे.

२. संपादकांनी गळ्यात मारलेला डिजिटल कॅमेरा नंदाखाल गावचे माझे मित्र डेन्झिल डाबरे यांना. ते लग्नाचे फोटो काढतात. मला म्हणतात, "अरे, फोटो बिघडला तर पुसायचा नि दुसरा काढायचा." मी विचारले, "आणि नवरा बिघडला तर?" म्हणाले, "तो विषय फादरांकडे."

३. आता वादाचा विषय. आजोबांची केळी पिकवायची खोली वाटणीत माझ्याकडे आली. तिला खिडकी नाही, म्हणून मी तिची डार्करूम केली. स्पिती असो की कच्छचे रण, मला ते खरे दिसले ते याच खोलीत, तांबड्या दिव्याखाली, ट्रेमध्ये हळूहळू वर येताना. प्रत्यक्ष जागेवर मी नुसता अंदाज केला होता. सुजयला ही खोली पाडून गाडी ठेवायची आहे. "दादा, गाडीला ऊन लागतं." फिल्मलाही लागते, हे त्याला पटत नाही.

४. सदर खोली, फोटो मोठे करायचा एन्लार्जर व जुना कॅमेरा मी सुजयचीच मुलगी पूर्वी हिला देतो. चौथीत असताना तिने फोटो बघायला म्हणून याच कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले आणि उजेड लागून लडाखची अख्खी फिल्म गेली. माझा हात धपाट्यासाठी उठला होता, तोच ती म्हणाली, "काका, मग त्यात काय होतं ते सांग ना." सांगितले. तेच लिहून पाठवले, बिनफोटोचे छापून आले. वाचकांची सर्वाधिक पत्रे मला त्याच लेखावर आली. हल्ली ती रविवारी येऊन स्वतःच्या फिल्म धुते. घरी क्लासला जाते असे सांगते. ते खोटे नाही, शिकवतो मीच.

५. ही खोली यावच्चंद्रदिवाकरौ अंधारी राहावी. चंद्र व सूर्य या दोघांनाही आत मज्जाव आहे. सुजयला ती पाडायची झाल्यास मुलीची लेखी परवानगी घ्यावी. तिचा स्वभाव बापावर गेला आहे, हे जाता जाता नमूद करतो.

६. सुजयला काही दिलेले नाही. साक्षीदाराला लाभ नसलेला बरा, असे वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. त्याने सही केली की मी शुद्धीवर होतो, हे त्याला जन्मभर कबूल करावे लागेल.

ठिकाण: निर्मळ
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५

(सही) नीलेश जगन्नाथ चुरी

साक्षीदार:
१. (सही) डॉ. आलोशियस रुमाव, गास. तपासले. प्रकृती उत्तम, घाई कशाची ते कळले नाही.
२. (सही) सुजय जगन्नाथ चुरी, निर्मळ. वाचले. मान्य नाही. पण आमची पूर्वी कॅमेरा डोळ्याला लावून समोर उभी आहे आणि म्हणते, "पप्पा, सही करा, पण हलू नका." केली.