नाव वाचणारा चष्मा

आबा, तुमच्या दुकानात आता एक चष्मा मिळतो, ज्याला डोळ्याचा नंबर लागत नाही. जाड काळ्या काड्यांचा, काळ्या काचांचा, थोडा जड. तो लावला की समोरच्या हवेत अक्षरं दिसतात. दुकानाची इंग्रजी पाटी मराठीत होते, रस्ता विचारला तर डांबरावर हिरवा बाण उमटतो. सुरतेचा व्यापारी पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा मला वाटलं, शहाद्यात हे कोण घेणार? पण साध्या मोबाइलपेक्षा स्वस्त. कॉलेजची मुलं घेतात, केळीचे बागायतदार घेतात, परवा एक गुरुजीही घेऊन गेले.

तुम्ही गिऱ्हाईक नाकावरून ओळखायचात. नाव विसरायचात, गाव विसरायचात, पण माणूस पायरी चढायच्या आत सांगायचात की याच्या डाव्या कानामागं काडी टोचते. मला ते कधी जमलं नाही. तुम्ही गेल्यावर पहिली दोन वर्षं तर मी प्रत्येकाला नव्यानं नाव विचारत होते, आणि जुने लोक नाराज होत होते. म्हणून त्या व्यापाऱ्यानं नमुन्याचा एक चष्मा काउंटरवरच्या मोबाइलला जोडून दिला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. गिऱ्हाइकाचा एक फोटो काढायचा, नाव, गाव, नंबर भरायचं. पुढच्या वेळी माणूस दारात आला की ते सगळं त्याच्या डोक्याच्या वर लिहिलेलं दिसतं. मी लोकांना नावानं हाक मारू लागले. लोक म्हणायला लागले, पोरगी बापावर गेली.

तुम्ही मला एकदाच रागावला होता, आठवतं? मी चौथीत होते. तुम्ही आतल्या खोलीत कुणाचे तरी डोळे तपासत होता आणि एका माणसानं मला विचारलं, अमक्याची बायको इथं येते का. मी फुशारकीनं सांगितलं, कालच आली होती, बसस्टँडमागं भावाकडं राहते. तुम्ही बाहेर आलात, तो गेल्यावर माझ्यासमोर उकिडवे बसलात. "अठे कोन उनं, कोन गयं, हाई आपला तोंडमाईन बाहेर निंघाले नको. समजनं?" आवाज चढला नव्हता. पण त्या दिवशी तुम्ही जेवायला घरी आला नाहीत, बसस्टँडकडं गेलात. तिथं काय झालं ते मला कधीच सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आता मूळ गोष्ट सांगते. तापीकाठच्या प्रकाशा गावाहून एक बाई यायची. तिशीची, लहान मुलगी बरोबर. भाड्याची खोली घेऊन ब्लाउज शिवायची, सुईत दोरा जात नाही म्हणून आली होती. सासर नवापूरकडचं. तिथून निघून आली होती एवढंच बोलली, बाकी मनगटावर दिसत होतं. मी फोटोसाठी मोबाइल उचलला तर तिनं पदर पुढं ओढला.

"फोटो काबर, ताई?"

"नंबर ध्यानमा ऱ्हास."

"कोनाले दिखाडशात नही ना?"

मी हसले. म्हटलं, कुणाला दाखवायचा? आणि फोटो काढून तिचं पूर्ण नाव, गाव भरलं.

पुढं एका बाजाराच्या दिवशी दुपारी एक जण दुकानात आला. पांढरा शर्ट, बोलायला गोड. "हाऊ नवा चष्मा शे ना? लावी देखू?" मी नमुन्याचाच दिला, दुसरे सगळे डब्यात बंद होते. तो रस्त्याकडं बघून पाट्या वाचत होता, लहान मुलासारखा खूश. तेवढ्यात ती आली. नाकाजवळची पट्टी निघाली होती, ती बसवून हवी होती. तिनं चष्मा काउंटरवर ठेवला. तो माणूस तिच्याकडं वळला आणि पाटी वाचावी तसं मोठ्यानं वाचू लागला. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मग गाव. प्रकाशा.

ती वळली. त्या काळ्या काचांमागं कोण आहे हे तिला दिसत नव्हतं. "मी ती नही," ती म्हणाली, इतक्या हळू की मला ओठांवरूनच कळलं. मुलीचा दंड धरला आणि पायऱ्या उतरून गेली. चष्मा काउंटरवरच राहिला.

त्या माणसानं नमुना काढून नीट ठेवला. "हाई ते आमना गावनी सून शे. घुंघटमा ऱ्हाये, तोंड कोनी देखं? कितला दिन पासून धुंडी ऱ्हायनात तिले." त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. हरवलेलं जनावर सापडल्याचा आनंद होता. मी काही बोलायच्या आत तो मोबाइल कानाला लावून बाहेर पडला होता.

मी तिला फोन केला. बंद. तेव्हाच शटर ओढून निघायला हवं होतं. पण दुकानात चार गिऱ्हाइकं होती, आणि मी स्वतःला सांगितलं की उगाच घाबरतेय. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा चष्मा घेऊन प्रकाशाला गेले. खोलीला कुलूप. शिलाई मशीन ओट्यावर, त्यावर अर्धा ब्लाउज. घरमालकीण म्हातारी उन्हात बसलेली.

"सकायमा जीप उनी. नवरा व्हता, आखो दोन जण व्हतात. पोरले पहिले उचली लिनं, मंग हाई आपसूक बठनी." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "त्यासले अठला पत्ता कोनी दिना व्हई?"

"काय माहीत, आजी," मी म्हटलं.

चष्मा म्हातारीकडं ठेवून आले. चौकीसमोरून दोनदा गेले. आत गेले असते तर पहिला प्रश्न माझ्या दुकानाचा आला असता. पाच महिने झाले, तिचा फोन अजून बंद आहे. म्हातारीनं खोली दुसऱ्याला दिली. हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही. तुम्हाला लिहितेय ते यासाठी की हा कागद कुणापर्यंत पोचणार नाही.

मागच्या आठवड्यात तो पांढऱ्या शर्टाचा माणूस परत आला. त्याला स्वतःसाठी एक हवा होता, गावातल्या आणखी तिघांनी सांगून पाठवलं होतं. फार अदबीनं बोलला. मी चार डबे काढले, काड्या त्याच्या कानाला बसवून दिल्या, नावं कशी भरायची तेही शिकवलं. पाऊण तास तो माझ्यासमोर बसून होता. तो गेल्यावर मी स्वतःशी म्हटलं, अरे, तिच्याबद्दल विचारायचं राहूनच गेलं. राहून गेलं नव्हतं, आबा. पूर्ण पाऊण तास ते माझ्या लक्षात होतं.