फळीखालचं नाव

अण्णा, तुमच्या त्या फळीनं माझा जीव नकोसा केलाय. नऊ वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी माझ्या कामात नाक खुपसायची तुमची सवय काही गेली न्हाय. इथं धाराशिवात, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, आम्हा दोघांचं चित्रांचं प्रदर्शन लागलंय. दोघं म्हणजे मी आणि ती. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी सरांशी भांडून दुसऱ्या वर्षालाच घरी आलो, तिनं मात्र कॉलेज पुरं केलं. ती गोधडीच्या चिंध्या, गंजके खिळे, तेरखेड्याहून आणलेले फटाक्यांचे रंगीत कागद असं काहीबाही फळकुटावर चिकटवते आणि त्यावर रंग चढवते. माझी नुसती रंगांची, अमूर्त. माझी सात चित्रं लावायची ठरली होती. सातवं बघून ती म्हणाली, "ह्यात तू कुठंच न्हाईस." एवढंच. मी त्या कॅनव्हासला लाथ घातली, फाटला. तिच्यावर माझा जीव आहे हे तिला सोडून सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि तिच्याच एका वाक्यानं माझं डोकं फिरतं. हे रक्त तुमचंच.

भिंतीवर एक जागा रिकामी राहिली. मग आठवली तुमच्या पाट्या रंगवायच्या दुकानाच्या दाराची फळी, जिच्यावर तुम्ही वीस वर्षं ब्रश पुसलात. बोर्ड रंगवता रंगवता, मागं न बघता तुमचा हात तिकडं जायचा. एक फटकारा निळा, एक शेंदरी, थरावर थर. दुकान सोडताना मीच ती घरी आणली होती आणि आईनं बंबाजवळच्या सरपणात टाकली होती. काढली, धूळ पुसली, टांगली. चित्रांखालच्या चिठ्ठ्या ती लिहीत होती. "ह्याचं नाव काय?" म्हणाली. म्हणलं, "बिननावाचं." तिनं खाली चित्रकार म्हणून माझं नाव लिहिलं आणि मी नुसता बघत राहिलो.

तीन दिवस झाले, माझ्या सहा चित्रांपुढं कुणी थांबायला तयार न्हाय. काल एक म्हातारबा टोपी मागं सारून म्हणाले, "लेकरा, रंग सांडला व्हय?" मी म्हणलं, "मामा, अमूर्त हाय हे." "मंग मूर्त कवा व्हणार?" सगळा हॉल हसला, तीसुद्धा. तेच म्हातारबा फळीपुढं जाऊन थांबले. हात न लावता हवेतच बोट फिरवत एकेक फटकारा मोजावा तसं बघत राहिले. "हे मातूर मन लावून केलंय," म्हणाले. मन लावून! तुम्ही तर बघतसुद्धा नव्हता. मी सहा महिने डोळे फोडले, आणि तुम्ही पुसलेला ब्रश भाव खाऊन गेला.

तेवढ्यानं भागलं असतं. पण संध्याकाळी ती फळीपुढं आली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "ह्यात तू हाईस बघ. हे कुणाला द्यायचं न्हाय हां. आपल्या घरात लावू." आपल्या. अण्णा, ज्या शब्दासाठी मी तीन वर्षं झुरलो, तो तिनं तुमच्या कामापुढं, माझ्या खोट्या नावाजवळ उभं राहून उच्चारला. आता मी चिडू न्हाय तर काय करू?

आठवतंय का? मी आठवीत आहे. गिरणीचा बोर्ड चाललाय. तुम्ही अक्षरं काढता, मी आत रंग भरतो. तुम्ही चहाला जाता आणि मी खालच्या कोपऱ्यात, जिथं पेंटर स्वतःचं नाव टाकतो तिथं, माझं टाकतो. तुम्ही येता, बघता, रॉकेलचा बोळा उचलता. गिरणीवाल्यासमोर विचारता, "अक्षर कुणाचं?" "तुमचं." "मग हे नाव कुणाचं रे?" आणि पुसून टाकता. माझे कान तापलेले. दुसऱ्या दिवशी तुमचा चपटा ब्रश माझ्या हातात देता, "सोताचा बोर्ड कर. मग टाक नाव, लांबून दिसंल असं." मी आठवडाभर तुमच्याशी बोललो न्हाय. आता गावाचंच नाव बदललंय, पाट्या नव्या झाल्यात, सगळ्या फ्लेक्सच्या. एकीच्याही कोपऱ्यात पेंटरचं नाव न्हाय.

आज शेवटचा दिवस. ती जेवायला गेलीय, हॉल रिकामा आहे. मी फळीखालची चिठ्ठी काढली, उलटी केली आणि तुमच्याच ब्रशनं तुमचं नाव लिहिलं, पुढं 'पेंटर'. तुमच्यासारखं जमलं न्हाय, शिरोरेषा वाकडी गेली. तरी लावली. आता समाधान झालं?

हे पत्र घडी घालून खिशात ठेवतोय, ते कुणाला दाखवायचं न्हाय. पण तुम्हाला म्हणून सांगतो, ती यायच्या आत पळून जायचा बेत होता माझा. चपला घालून दारापर्यंत गेलोही होतो. तर ती जिना चढताना दिसली, म्हणून परत येऊन फळीशेजारी उभा आहे.